बुधवारचा रावस

मी जन्मात कधी मासा खाल्ला नाही, पण लोणावळ्याला असताना दर बुधवारी मी एक रावस शिजवत असे. माझ्या माहेरच्या कुणी हे वाचलं तर त्यांना ते खोटं वाटेल. वाटू दे. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि या वयात मला कुणाचं सोवळं सांभाळायचं नाही.

लढाईची वर्षं होती. आमचे हे लोणावळ्याला रेल्वेच्या मालाच्या कचेरीत कारकून. स्टेशनच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे लहानसं अंगण आणि अंगणाच्या कडेला सरपण ठेवायची पत्र्याची खोली. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि आमची एकुलती एक लेक. त्या लेकीच्या छातीने आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना ओल, अंथरुणाला ओल, धुतलेलं लुगडं आठवडा आठवडा वाळत नाही. पोर उशीला टेकून बसायची आणि एकेका श्वासासाठी तोंड उघडायची. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, हिला इथे ठेवू नका, तळेगावची हवा कोरडी आहे. तळेगाव माझं माहेर. तेव्हा पाच वर्षांची पोर गेली आजोळी आणि मी राहिले इथे, कारण नवऱ्याच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माझं म्हणणं काय ते कुणी विचारलं नाही.

लोणावळ्याहून तळेगाव म्हणजे काही काशी रामेश्वर नव्हे. मळवली, कामशेत, वडगाव गेलं की आलंच. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जायची आणि मी भाकरी थापत तिच्याकडे बघायची. पोर परमुलखात असती तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. इथे ती हाकेच्या अंतरावर होती आणि मिळायची फक्त रविवारी. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. निघताना ती रडायची नाही, पदर धरून दारापर्यंत यायची आणि तिथे सोडून द्यायची. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

यावर उपाय एकच, यांची तळेगाव स्टेशनात बदली. ती ज्यांच्या हातात होती ते साहेब भुशीच्या वाटेवर एका बंगल्यात एकटेच राहत. गोरे, पन्नाशीचे, कामाला कडक. त्यांचा गोव्याचा खानसामा लष्कराच्या मेसमध्ये जास्त पगारावर निघून गेला होता आणि साहेबांच्या जेवणाचे हाल चालले होते. ही बातमी आमच्या घरात कशाला यावी? पण आली.

एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते कोट न काढताच पाटावर बसले. मी ओळखलं, काहीतरी करून आले आहेत.

“साहेबांच्या देशात सामन म्हणून मासा असतो,” यांनी सुरुवात केली. “लाल असतो म्हणे आतून. इथे मिळत नाही. डबे यायचे तेही लढाईने बंद झाले. तर त्यांना मुंबईहून दर बुधवारी रावस येतो, बर्फात घालून, गार्डाच्या डब्यातून.”

“येऊ दे की. मला काय करायचंय?”

“त्यांची आई म्हणे माशावर नारिंगाचा मुरंबा घालून भाजायची. मुरंब्याचं नाव निघालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घरी मुरंबा फार छान होतो. साहेब म्हणाले, मग बुधवारचा मासाही तिथेच होऊ दे, आणि मी हो म्हटलं.”

लाटणं माझ्या हातातच राहिलं. या माणसाला घरात साधा दुधीचा वास सहन होत नाही, आणि हा बाहेर जाऊन बायकोच्या हातचा मासा कबूल करून आला होता! मी त्या दिवशी जे जे बोलले ते इथे लिहिणार नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून एवढंच म्हणाले, “बदली त्यांच्याच हातात आहे.”

तव्यावरची पोळी करपून गेली होती.

आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या. आंदर मावळातल्या, नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर, होता म्हणून इथे आलेल्या. पहिल्या बुधवारी गोणपाटात गुंडाळलेला तो रावस सरपणाच्या खोलीत आला तेव्हा मी दारातच उभी राहिले. त्याचा डोळा उघडा होता. मावशींनी विळी पायाखाली घेतली आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“वैनी, तुमी लांब का हुब्या? त्यो काय मेल्याव चावनार हाय व्हय?”

“तुम्ही कापा, साफ करा. मी नुसता पाक करीन.”

“करा की. आमी नदीचं मासं खानारी मान्सं, ह्यो दर्याचा. पन मासा त्यो मासा. डोकं मातर माजं हां.”

डोकं त्यांचं, असा ठराव झाला आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला.

आता मासा न खाणाऱ्या बाईने तो चांगला कसा शिजवला, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव बघायची नाही, इतकंच काय, मुद्दाम वाससुद्धा घ्यायचा नाही. पुरणात वेलदोडा किती, आमटीत मीठ किती, हे सगळं हाताने आणि डोळ्याने ठरवायचं. लहानपणापासून मी तसाच स्वयंपाक शिकले होते. देवासाठी शिकलेली ती विद्या मी माशाला लावली. देवाला काय वाटलं असेल ते देव जाणे.

नारिंगाचा रस काढायचा, साल किसून घ्यायची, पण सालीखालचा पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, नाहीतर मुरंबा कडू होतो. साखर रेशनची, ती आमच्या चहालाच पुरत नव्हती, म्हणून गूळ. रस आणि गूळ मंद निखाऱ्यावर आटवायचा, त्यात आलं आणि चार मिरे ठेचून. दोन बोटांत धरून तार बघायची. पक्की तार यायच्या जरा अलीकडेच उतरवायचं, कारण माशावर गेल्यावर तो आणखी आटतो. मावशी तुकड्या कातडीची बाजू खाली करून तव्यावर ठेवायच्या. वरून मी पाक ओतायची, झाकण घालायचं, झाकणावर निखारे. नानकटाई करतो तसंच. झाकण काढलं की तुकड्यांवर तपकिरी चकाकी आलेली असायची. ती बघून मला आनंद व्हायचा, हे खोटं कशाला बोलू? हातून काही नीट उतरलं की हाताला बरं वाटतंच, मग ते काहीही असो. मग वास नाकात शिरायचा आणि मी बाहेर पळायची.

यांच्या हातून डबा बंगल्यावर जायचा. मी भर थंडीत डोक्यावरून अंघोळ करायची आणि तवा, शेगडी, विळी सगळं पत्र्याच्या खोलीत कुलपात. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी एकदा नाक मुरडून विचारलंच, “बुधवारी तुमच्या अंगणातून कसला हो वास येतो?” मावशी मागून म्हणाल्या, “म्या बोंबील भाजते, बाई. पोटाला नगं?” काकू आत गेल्यावर मी त्यांचे हात धरले. “सांगा की माझं नाव,” त्या म्हणाल्या, “मला कोन वाळीत टाकतंय हितं? आन त्या नारिंगाच्या साली टाकू नगा, हाताला चोळा. ह्याचा वास लय चिवट आसतोय.”

मी साली चोळू लागले. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. बुधवारचा वास रविवारपर्यंत राहत नाही हे मला कळत होतं, पण भीतीला कुठे कळतं? माझ्या आईला कळलं असतं तर तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं, आणि लेकीला माझ्या हातून घास भरवू दिला नसता. म्हणून रविवारी गाडीत बसायच्या आधीही मी साल चोळायची. तळेगावला पोचले की पोर धावत यायची आणि आधी माझा तळवा नाकाशी न्यायची. “आईचा वास,” म्हणायची.

साहेबांना मासा आवडला. पुढच्या बुधवारी आवडला, त्याच्या पुढच्या बुधवारीही. “आता बदली झालीच समज,” हे म्हणायचे. पावसाळा आला, नारिंगं संपली, मी ईडलिंबाचा पाक करू लागले. तोही आवडला. पावसाळा गेला. बदलीचं नाव नाही. मी रोज विचारायची आणि हे रोज “बघू” म्हणायचे. एकदा मात्र मोठ्या कौतुकाने सांगत आले, “साहेब आज काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तुला तळेगावला पाठवलं तर माझा बुधवार कोण करणार?” आणि हसले.

मी यांच्याकडे बघतच राहिले. आपण काय सांगतोय हे या माणसाला खरंच कळत नव्हतं. ज्या रावसाच्या पाठीवर बसून मी तळेगावला जाणार होते, त्यानेच मला इथे खिळवून टाकलं होतं. जितका चांगला करीन तितकी इथेच राहीन.

मग मी ठरवलं, मासा बिघडवायचा.

त्या बुधवारी मी नारिंगाची साल पांढऱ्या भागासकट चिरली, बियासुद्धा काढल्या नाहीत, आणि सगळं रसात उकळत ठेवलं. मावशी बघत होत्या. “वैनी, कडू व्हईल की.”

“होऊ दे.”

असा कडू पाक माझ्या आईच्या घरात झाला असता तर तो गाईलासुद्धा घातला नसता. मी तो चमचाभरसुद्धा कमी न करता तुकड्यांवर ओतला आणि डबा भरला. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते जवळजवळ नाचतच. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर यांचा हात हातात घेतला होता. आजवरचा मासा चांगला होता, पण गोड होता. काल पहिल्यांदा घरची चव लागली. त्यांच्या आईचा मुरंबा असाच कडू असायचा, त्यांच्याकडे मुरंबा कडूच करतात. “साहेबांचे डोळे भरून आले होते गं,” हे म्हणाले.

मला त्यांचे डोळे नको होते. मला माझी पोर हवी होती.

त्यानंतर कडूच पाक करायचा असा हुकूम झाला. नारिंगांची करंडी बंगल्यावरून येऊ लागली. आणि एका बुधवारी दुपारी साहेब स्वतःच आले. मी अंगणात शेगडी फुंकत होते. डोक्यावर पदर ओढून उठून उभी राहिले. हे बाजूला हात जोडून. साहेबांनी टोपी काढली. जवळून ते थकलेले दिसत होते. ते काहीतरी लांबलचक बोलले, आणि यांनी मला सांगितलं की त्यांची आई फार म्हातारी आहे, समुद्रात जहाजं बुडवतात म्हणून लढाई संपेपर्यंत त्यांना जाता येत नाही, आणि तुझे आभार मानायला ते आले आहेत.

मला वाईट वाटलं. नाही असं नाही. तोही बिचारा अडकलेला. पण मला त्याच क्षणी वाटलं, ज्याला आईपासून लांब राहण्याचं दुःख कळतं त्याला माझं कळेल. परपुरुषाशी, त्यातून साहेबाशी, मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी बोलले.

“साहेब, माझी मुलगी तळेगावला आहे. तिला इथली हवा सोसत नाही. ती माझ्याविना वाढतेय. आमची तळेगावला बदली करा.”

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी घसा खाकरला आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. दोन वाक्यं. साहेब हसले, मला मान लववून सलाम केला, टोपी घातली आणि गेले.

मला इंग्रजी येत नव्हतं. पण तळेगाव इंग्रजीतही तळेगावच असणार ना? तो शब्द यांच्या तोंडून निघालाच नव्हता.

“काय सांगितलंत त्यांना?”

“अगं, असं तोंडावर मागायचं नसतं. मी म्हटलं, आपल्याला आवडतं यातच तिला आनंद आहे.”

मावशी विळीवरून उठून नळावर गेल्या. मला आलेला राग तोंडातून बाहेर येण्याएवढा लहान नव्हता. माझी पोर, माझं आयुष्य, आणि या माणसाने ते उलथून माझाच आनंद करून साहेबाच्या हातात दिलं होतं.

पुढच्या बुधवारी मी शेगडी पेटवली नाही. रावस आला, बर्फ वितळून गोणपाटाखाली पाणी झालं, मी पोथी घेऊन बसले. हे दोनदा आत येऊन गेले. तिसऱ्यांदा माझ्यासमोर जमिनीवरच बसले. “आता बंद केलंस तर बदली होईल,” ते हळूच म्हणाले. “पण भुसावळला होईल, नाहीतर त्याच्याही पलीकडे. मागे एकाची केली त्यांनी, डब्यातली चपाती जाड आली एवढ्यावरून. मग रविवारही राहणार नाही.”

यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला समजलं की हा माणूस दुष्ट नाही, भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाच्या हातात हात देऊन मी बसले आहे. मासा केला तर लोणावळं, नाही केला तर त्याहून लांब. मी पोथी मिटली आणि शेगडी पेटवली.

तळेगावला आई विचारायची, “जावयांची बदली का होत नाही? दुसऱ्यांच्या होतात.” मी म्हणायची, “बघू म्हणतात.” एकदा ती चिडून म्हणाली, “तुला लेक जड झाली का गं?” खरं कारण सांगितलं असतं तर तिने मला दारातूनच परत पाठवलं असतं. तिला काही कळलं होतं का, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण त्या वर्षांत तिने मला कधी चुलीपाशी येऊ दिलं नाही. “दमून आलीस, बस लेकीपाशी,” म्हणायची. मला तेव्हा ते तिचं प्रेम वाटायचं. असेलही.

लढाई संपली आणि साहेब मिळेल त्या पहिल्या जहाजाने गेले. त्यांची आई तोवर होती की नव्हती, कुणाला ठाऊक. जाताना त्यांनी यांना चांगला शेरा दिला, बदली दिली नाही. ती दिली त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबाने, अर्ज वाचून, आमचं तोंडसुद्धा न बघता. मी मावशींना तवा देऊन टाकला. “वैनी, बुधवारी आठवन काढीन,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच डोळे पुसले.

तळेगावचं क्वार्टर लोणावळ्यापेक्षा मोठं होतं. ऊन आत यायचं. पोर आता आठ वर्षांची झाली होती, उंच, छाती स्वच्छ. मी तिला आजोळाहून घरी आणलं, तिच्यासाठी साटोऱ्या केल्या, तिचे केस विंचरले. ती सगळं नीट करून घ्यायची आणि दिवेलागण झाली की चपला घालायची.

“कुठे निघालीस?”

“आजीकडे.”

एकदा झालं, दोनदा झालं. आठवडाभर हेच. एका संध्याकाळी मी दारातच तिला धरलं आणि जवळ बसवलं. म्हटलं, “अगं, मी आलेय ना आता कायमची? मग आजीकडे काय आहे?” तिने लहानपणच्या सवयीने माझा तळवा उचलून नाकाशी नेला, वास घेतला, आणि खाली ठेवला.

“आई, तू आल्यासारखं वाटतच नाही,” ती म्हणाली. तिला माझा राग आला नव्हता. तिला जे वाटत होतं ते तिने सांगितलं.

मी उठले. आत टोपलीत एक नारिंग होतं. ते सोललं आणि साल हातांना चोळली, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली, मनगटापर्यंत, दर बुधवारी चोळायची तशी. माझ्या नाकात पत्र्याची खोली आली, ओलं गोणपाट आलं, तो उघडा डोळा आला. मी तशीच तिच्यापाशी येऊन बसले आणि हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरून तोंडावर ओढून घेतला, डोळे मिटले, आणि पायातल्या चपला पायानेच काढून टाकल्या.

“आता आलीस,” ती म्हणाली.